आईचं मॅग्नेशियम ६.४ आलंय, उतरवायचं कसं? मदत हवी आहे

शिल्पा_मिरज: कोणी डॉक्टर आहे का इथे, प्लीज लवकर सांगा. आईचा रिपोर्ट आला त्यात मॅग्नेशियम ६.४, नॉर्मल २.५ च्या आत लिहिलंय. कालपासून नुसती झोपून आहे, हाक मारली की हो म्हणते आणि परत डोळे मिटते, चमचासुद्धा हातातून गळतोय. आमचे डॉक्टर संध्याकाळी ७ ला बसतात, तोपर्यंत घरी काय देऊ?

मंदार०७: वय? बीपी? क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, केलंय का? किडनी बरी असेल तर जास्तीचं मॅग्नेशियम लघवीवाटे जातं, सहसा एवढं वाढत नाही.

रानजाई: मॅग्नेशियमसाठी भोपळ्याच्या बिया आणि बदाम एकदम मस्त. माझ्या पायात रात्री गोळे यायचे, रोज मूठभर खाल्ल्या आणि थांबले बघ.

मंदार०७: अहो ताई, त्यांचं वाढलंय, कमी झालेलं नाही!

शिल्पा_मिरज: वय ६८, शुगर आहे. क्रिएटिनिन ४.१, पण ते वर्षभर तेवढंच आहे, त्याचा इथे काय संबंध? बीपी ९८/६०. उपाय सांगा ना कोणीतरी.

सुनंदा_सिस्टर: संबंध त्याचाच आहे गं, ४.१ म्हणजे किडनी नीट चालत नाही. पोट साफ व्हायला काय घेतात? अ‍ॅसिडिटीचं जेल वगैरे?

शिल्पा_मिरज: रोज रात्री मिल्क ऑफ मॅग्नेशिया, दोन-तीन चमचे, कधी जास्त. ते तर चिठ्ठीशिवाय मिळतं.

सुनंदा_सिस्टर: त्यात मॅग्नेशियमच असतं, ते आत्ताच्या आत्ता बंद, आणि सातची वाट बघू नकोस, आयसीयू आणि डायलिसिस असलेल्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टीला ने, औषधाची बाटली सोबत घे. लेबर रूममध्ये झटक्यांच्या पेशंटला आम्ही मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियमचंच इंजेक्शन, देतो ना, तर पुढच्या डोसाआधी दरवेळी गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतोय का बघतो, श्वास मोजतो, लघवी तासाला ३० मिली तरी हवी. पाय उडायचा थांबला तर डोस नाही. त्यानंतर श्वास मंदावतो, म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशीच ठेवतात, १० टक्केवालं १० मिली, शिरेतून हळूहळू.

अण्णा_सांगलीकर: मग कॅल्शियमच्या गोळ्या द्या की, घरात असतीलच.

सुनंदा_सिस्टर: नाही हो अण्णा, गोळीचा काही उपयोग नाही. इंजेक्शननेसुद्धा मॅग्नेशियम उतरत नाही, तेवढा वेळ हृदय आणि श्वास सांभाळला जातो. बाहेर काढायला किडनी तरी हवी नाहीतर डायलिसिस.

अण्णा_सांगलीकर: आमच्या मेव्हण्याचं सलाईन आणि लघवीच्या इंजेक्शनवर उतरलं. हल्ली ऊठसूट डायलिसिस सांगतात.

मंदार०७: मेव्हण्यांची किडनी चालत असणार. इथे ४.१ आहे, सलाईन ओतत बसलं तर पाणी फुफ्फुसात भरेल. कशाला भलतं सांगताय?

रानजाई: पण डायलिसिस एकदा लागलं की कायमचंच ना?

मंदार०७: असं काही नाही. मॅग्नेशियम काढण्यापुरतंही करतात.

शिल्पा_मिरज: अ‍ॅडमिट केलं. ईसीजीत ठोके ४८ होते, लगेच कॅल्शियम दिलं, रात्री चार तास डायलिसिस झालं. सकाळी ३.२ आलंय आणि आईने स्वतःहून चहा मागितला. खूप आभार सगळ्यांचे. आता पोटासाठी काय द्यायचं, इसबगोल चालेल?

रानजाई: इसबगोल बेस्ट, वर दोन ग्लास पाणी.

सुनंदा_सिस्टर: त्यांना पाणी मोजून दिलं असेल तर दोन ग्लास नको. लॅक्टुलोज चालेल का ते किडनीच्या डॉक्टरांना विचार. आणि मॅग्नेशियम आज परत तपासायला सांग, आतड्यात राहिलेलं औषध अजून शोषलं जाऊ शकतं. शौचाला झाली का?