आईला जीपीए व्हॅस्क्युलायटिस निघालाय, स्टिरॉइड कमी करताना काय काय सांभाळायचं?

निळीशाई:
आईला (वय ५४) जीपीए निघालाय, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांना सूज आणणारा व्हॅस्क्युलायटिस. आधी कितीतरी महिने सायनस सायनस म्हणून अँटिबायोटिक चालू होती, नाकातून रक्त यायचं, एक कान बंद, सांधे धरलेले, आणि मग लघवीत रक्तपेशी दिसल्या, क्रिएटिनीन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) वाढलं तेव्हा कुठे अँका टेस्ट झाली, म्हणजे आपल्याच पेशींवर उलटणाऱ्या अँटिबॉडीची रक्ततपासणी. त्यातला पीआर३ हा प्रकार पॉझिटिव्ह आला, किडनीची बायोप्सी झाली, लगेच उपचार सुरू. रिटुक्सिमॅबचे सुरुवातीचे डोस झालेत आणि प्रेडनिसोलोन (स्टिरॉइडची गोळी) ६० वरून २० मिग्रॅवर आलीय. रिपोर्ट सुधारतायत पण आईकडे बघून तसं वाटत नाही, चेहरा सुजलाय, रात्री डोळ्याला डोळा नाही, चिडचिड तर विचारू नका. बघायला येणारा प्रत्येक जण स्टिरॉइड वाईट, बंद कर म्हणतो आणि आता तीही म्हणायला लागलीय की बरं वाटतंय तर मी गोळ्या सोडते. तिला कसं समजावू? आणि आजार परत उलटतोय हे घरच्या घरी कळतं का? हल्ली नाकातून परत थोडं रक्त दिसतंय म्हणून धास्ती वाटते.

रानवारा:
ताई, मला स्वतःला हाच आजार आहे, बरीच वर्षं झाली. पहिलं म्हणजे गोळी एकदम सोडू देऊ नका, कुणी काहीही म्हणो. इतके दिवस बाहेरून स्टिरॉइड मिळालं की आपल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवायचं थांबवतात, त्यांना परत कामाला लागायला वेळ लागतो, तोवर गोळी तोडली तर उलट्या, चक्कर, बीपी पार खाली, माणूस कोसळतो. जुलाब उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, उद्या बघू म्हणायचं नाही.

आईंना हेही सांगा की कमी करणं चालूच आहे. पूर्वी खूप सावकाश उतरवायचे, २०२० मध्ये पेक्सिव्हास नावाची मोठी चाचणी आली त्यात स्टिरॉइड लवकर उतरवलं तरी परिणाम तितकाच चांगला आणि गंभीर इन्फेक्शन कमी असं दिसलं, म्हणून आता डॉक्टरही शक्य तितक्या लवकर खाली आणतात. पण ते त्यांच्या कागदाप्रमाणे. चेहऱ्याची सूज डोस खाली आला की हळूहळू जाते, माझी गेली. झोपेसाठी गोळी सकाळीच, खाऊन झाल्यावर. आणि अर्धी करून घ्यायची वेळ आली तर कापलेला तुकडा जिभेवर रेंगाळू द्यायचा नाही, इतकी कडू लागते की आईंची चिडचिड अजून वाढेल.

नाकाचं म्हणाल तर खपल्या असतील, सकाळी काळपट लालसर मोठी खपली सुटते आणि मागे ओलं रक्त दिसतं, हे जुन्या जखमेमुळेही होतं आणि आजार जागा झाल्यामुळेही. मी रोज सलाइनने नाक धुतो (पाणी उकळून गार केलेलंच), त्याने खपल्या मऊ राहतात, बोटाने ओढायच्या नाहीत. पण परत सुरू झालंय म्हणताय तर डॉक्टरांना कळवाच.

शांतपाऊल:
मी डायलिसिस युनिटमध्ये नर्स आहे म्हणून एकच गोष्ट कळकळीने सांगते, लघवीची तपासणी चुकवू नका. किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांना सूज आली की दुखत नाही, लघवीचा रंगही बऱ्याचदा नेहमीचाच दिसतो, रक्तपेशी मायक्रोस्कोपखालीच सापडतात. आमच्याकडे असे पेशंट येतात ज्यांना शेवटपर्यंत बरं वाटत होतं, आणि ते बघून जीव तुटतो कारण साध्या तपासणीत आधीच कळलं असतं. लघवीला फेस टिकून राहतोय, पाय सुजतायत, बीपी वाढलंय, तर ठरलेल्या तारखेची वाट बघायची नाही. खोकल्यातून रक्त किंवा धाप लागली तर थेट इमर्जन्सी. पायावर दाबून न जाणारे लाल जांभळे ठिपके, डोळा लाल होऊन दुखणं, चालताना अचानक पाऊल उचललं न जाणं, हे सगळं त्याच दिवशी सांगायचं. नुसता अँकाचा आकडा वर गेला म्हणून मात्र घाबरू नका, तेवढ्यावरून कुणी उपचार बदलत नाही, लक्षणं आणि लघवी क्रिएटिनीन बरोबर बघतात.

ताप १०० च्या वर गेला तरी फोन, कारण स्टिरॉइडवर असताना इन्फेक्शन मोठं असूनही ताप थोडाच दिसू शकतो. न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया होऊ नये म्हणून को-ट्रायमोक्साझोल दिली असेल, ती ‘जास्तीची गोळी’ समजून बंद करतात लोक, तसं करू नका. हाडांसाठी कॅल्शियम, व्हिटॅमिन डी चालू आहे ना? साखर तपासताय ना?

निळीशाई:
खूप आधार वाटला. को-ट्रायमोक्साझोल आहे, साखर बघत नाहीये, उद्याच विचारते. रिटुक्सिमॅब म्हणजे केमो का हो? डे केअरला आजूबाजूला सगळे कॅन्सरचे पेशंट होते, तेव्हापासून आई त्याच धसक्यात आहे.

रानवारा:
रूढ अर्थाने केमो नाही. औषध मुळात लिम्फोमासाठी आलं १९९७ मध्ये, आणि ते बी पेशी काढून टाकतं, त्याच पेशींपासून पुढे अँका तयार होतात म्हणून आपल्याला उपयोग. अमेरिकेत या आजारासाठी २०११ ला मान्यता मिळाली, त्याआधी सायक्लोफॉस्फामाइड हाच आधार होता आणि आजही काहींना तेच लागतं. आणि हो, औषध नव्हतं तेव्हा या आजारात माणसं काही महिन्यांत जायची, आज आपण वर्षानुवर्षं जगतो, हे आईंना जरूर सांगा. पूर्ण बरा होतो असं मी म्हणणार नाही, शांत होतो, आणि शांत ठेवायला पुढे साधारण दर ६ महिन्यांनी कमी डोस देतात. थकवा मात्र आजार शांत झाल्यावरही राहतो आणि तो खराच असतो, त्यांना आळशी म्हणू देऊ नका कुणाला.

चौथामजला:
माझा प्रकार वेगळा, ताकायासू, मोठ्या धमन्यांचा. डाव्या मनगटाला नाडीच लागत नाही, बीपी त्या हातावर खोटं कमी दाखवतं म्हणून दर वेळी उजवा हात पुढे करून आधी सांगावं लागतं. प्रकार वेगळा असला तरी स्टिरॉइडचे दिवस सारखेच असतात हो, मीही घरच्यांवर उगाच ओरडायचे आणि मागाहून रडायचे. आईंना म्हणावं तो औषधाचा परिणाम आहे, स्वभाव बदललेला नाही, आणि फारच होत असेल तर डॉक्टरांना तेही सांगा, त्यावरही इलाज असतो.

अजून एक, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींचं विचारलंत का? रिटुक्सिमॅबनंतर काही महिने लस नीट लागू पडत नाही, म्हणून पुढच्या डोसच्या निदान २ ते ४ आठवडे आधी घ्यायला सांगतात. जिवंत विषाणूंच्या लसी मात्र या औषधांवर चालत नाहीत. पुढच्या डोसची तारीख मिळाली की लगेच विचारून घ्या.