एनबीए (अमेरिकेची बास्केटबॉल लीग): करिअरच्या आकड्यांवरून खेळाडूंची टॉप-10 कशी लावायची?

टिळकवाडीकर: एक्सेल शीट करायलोय. पॉइंट, रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं), असिस्ट (बास्केट होणारा पास), स्टील (चेंडू हिसकावणं), ब्लॉक (फेक अडवणं), सगळ्यांची प्रति सामना सरासरी घेऊन सरळ बेरीज मारली. जुन्या काळातले दोन दिग्गज, त्यात विल्ट चेंबरलेन कुठल्या कुठं वर आणि बिल रसेल पार खाली! रसेलपुढं स्टील-ब्लॉक शून्य येतंय. कुठं चुकतंय ओ?

निपाणी_हूप्स: शून्य नव्हे, रकाना रिकामा ठेवा. स्टील-ब्लॉक 1973-74 पासून मोजायला लागले, रसेल 1969 लाच थांबला. आणि पॉइंट-रिबाउंडची सरळ बेरीज म्हणजे जोंधळा नि गूळ एकाच मापात. प्रत्येक आकड्यातून त्या हंगामाची लीग-सरासरी वजा करा, प्रमाणित विचलनानं (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) भागा, मग बेरीज. आधी हंगामात किमान 1,500 मिनिटं खेळल्याची चाळणी लावा, नाहीतर चार सामने खेळलेला कुणीतरी वर येऊन बसतो. 1998-99 ला सामने 50 च होते, तिथं चाळणीही त्याच प्रमाणात कमी.

खानापूरकर: बरोबर. 1961-62 ला विल्टचे सामन्याला 50.4 पॉइंट, पण मिनिटं 48.5! म्हणजे ओव्हरटाइमसकट जवळपास पूर्ण वेळ मैदानात. खेळही तेव्हा फार वेगवान, म्हणजे फेकीही जास्त. म्हणून नेमबाजीचा रकाना वेगळा करा:

पॉइंट ÷ [2 × (फील्ड गोल (खेळ चालू असतानाची फेक) प्रयत्न + 0.44 × फ्री थ्रो (फाउलनंतरची मोकळी फेक) प्रयत्न)]

0.44 अशासाठी, की प्रत्येक फ्री थ्रोला स्वतंत्र पझेशन (संघाची चेंडू ताब्यात असण्याची एक पाळी) खर्च होत नाही.

करिअरमध्ये सामन्याला पॉइंटची सरासरी मायकेल जॉर्डन 30.12, विल्ट 30.07. एवढ्यावरून क्रम लावू नका. प्लेऑफ (हंगामाअखेरचे बाद फेरीचे सामने) बघा की: जॉर्डन 33.4, विल्ट 22.5.

टिळकवाडीकर: आणि लेब्रॉन जेम्स? त्याची कारकीर्द तर केवढी लांब!

निपाणी_हूप्स: म्हणूनच करिअरची एकूण बेरीज आणि सर्वोत्तम 7 हंगाम, दोन वेगळे रकाने. रसेलची 13 हंगामांतली 11 विजेतेपदं मात्र कुठल्याच सूत्रात बसत नाहीत. तिथं हातानंच ठरवा.