‘प्रोत्साहन’ की ‘धीर’? प्रार्थनेतून हाती लागणाऱ्या गोष्टींसाठी शब्द

विचारणा

आमच्या ख्रिस्ती मंडळीतील महिलांच्या मासिक पत्रकात एक लहानसे सदर सुरू करण्याचे ठरले आहे. महिनाभरात ज्या साध्यासुध्या गोष्टींनी बळ दिले, मग ते वाचताना अचानक समोर आलेले वचन असो, विसरलेले एखादे गीत असो, प्रार्थनेची वेळ पाळायला मदत करणारी वही असो किंवा कोणी सहज उच्चारलेले एक वाक्य असो, त्या गोष्टी प्रत्येकीने इतर भगिनींना सांगाव्यात, अशी कल्पना आहे. मी सदराला ‘रोजच्या आवडत्या गोष्टी आणि प्रोत्साहन’ असा मथळा दिला, पण तो मोठ्याने वाचल्यावर एखाद्या योजनेचे परिपत्रक निघाल्यासारखे वाटले. एका भगिनीने ‘सांत्वन’ सुचवले, दुसरीने ‘उत्तेजन’. दोन्ही शब्द पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, आहेत, तरीही मन भरले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर

आपल्याला जे खटकले ते खटकण्यासारखेच आहे. ‘प्रोत्साहन’ हा शब्द मुळात वाईट नाही. ‘उत्साह’ ज्या ‘सह्’ धातूपासून आला त्याच धातूपासून ‘सहन’ही आला आहे, म्हणजे झेपण्याची आणि पेलण्याची ताकद त्यात आहे. परंतु अनुदाने, भत्ते आणि योजना यांच्या सोबतीने हा शब्द इतका वापरला गेला आहे की, तो ऐकताच देणारा वरच्या पायरीवर आणि घेणारा खालच्या पायरीवर उभा दिसतो. शेजारी गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या बहिणीसाठी हा शब्द चालत नाही.

नव्या करारात या अर्थाने वारंवार येणारा ग्रीक शब्द ‘पाराक्लेसिस’ हा आहे. ‘पारा’ म्हणजे बाजूला आणि ‘कालेओ’ म्हणजे बोलावणे. कोणाला तरी आपल्या बाजूला बोलावणे, असे त्याचे मूळ चित्र आहे. बोध करणे, विनवणे, सांत्वन करणे, उमेद देणे या साऱ्या छटा त्या एका शब्दात मावतात, आणि मराठीत तशा साऱ्या छटा सामावणारा एक शब्द नसल्यामुळे भाषांतरकारांना जागेनुसार वेगवेगळे शब्द योजावे लागले. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात ‘सांत्वन’ आले, इब्र्यांस पत्रात ‘बोध’ आला, रोमकरांस पत्रात ‘उत्तेजन’ आले. त्याच कुळातला ‘पाराक्लेतोस’ योहानाच्या शुभवर्तमानात चार वेळा पवित्र आत्म्यासाठी आणि योहानाच्या पहिल्या पत्रात एकदा ख्रिस्तासाठी येतो, आणि तेथे मराठीने ‘कैवारी’ हा शब्द निवडला. ही निवड मला आजही अतिशय समर्पक वाटते, कारण कैवार नेहमी कोणाची तरी बाजू धरून, त्याच्या शेजारी उभे राहूनच घेतला जातो.

‘सांत्वन’ आपल्याला का अपुरे वाटले असावे, ते सांगतो. आजच्या मराठीत सांत्वनाला आपण मृत्यूनंतर जातो. थेस्सलनीकाकरांस पत्रात तो शब्द योग्यच आहे, कारण चौथ्या अध्यायाच्या अखेरीस पत्रलेखक पौल निधन पावलेल्यांविषयीच लिहीत आहे. पण परीक्षेच्या चिंतेत असलेल्या मुलीच्या आईचे किंवा प्रार्थनेत मन लागत नाही म्हणून हिरमुसलेल्या स्त्रीचे आपण सांत्वन करत नाही.

‘उत्तेजन’ हा शब्द मात्र थोडे थांबून पाहण्यासारखा आहे. ‘तिज्’ म्हणजे धार लावणे, तीक्ष्ण करणे. तेज, तीक्ष्ण आणि आपले घरगुती तिखट ही सारी त्याच धातूची लेकरे. इब्र्यांस पत्राच्या दहाव्या अध्यायातील चोविसाव्या वचनात प्रीती व सत्कर्मे यांसाठी एकमेकांना उत्तेजन देण्याविषयी जे म्हटले आहे, तेथे मुळात ‘पाराक्लेसिस’ नसून ‘पारोक्सुस्मोस’ हा शब्द आहे, आणि त्याच्या पोटात ‘ओक्सुस’ म्हणजे धारदार हे विशेषण आहे. ग्रीक आणि संस्कृत या दोन्ही भाषांनी एकाच ठिकाणी धार लावण्याचीच प्रतिमा पुढे केली, हे मला पहिल्यांदा उमगले तेव्हा मी शब्दकोश मिटून बराच वेळ तसाच बसून राहिलो होतो. हाच ग्रीक शब्द प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांच्यातील तीव्र मतभेदासाठीही आला आहे. धार दोन्ही कामांना येते. आज मात्र ‘उत्तेजनार्थ’ म्हटले की पहिल्या तिघांत न बसलेल्याला दिलेले पारितोषिक आठवते, म्हणून आपल्या मथळ्यासाठी तो शब्द मी सुचवणार नाही.

माझे मत ‘धीर’ या शब्दाला आहे, आणि त्याचे कारण अर्थापेक्षा व्याकरणात अधिक आहे. प्रोत्साहन ‘दिले’ जाते आणि ‘मिळते’. ‘मला प्रोत्साहन आले’ असे कोणी म्हणत नाही. धीर मात्र दिला जातो, धरला जातो, सुटतो, खचतो, आणि मुख्य म्हणजे तो ‘येतो’. ‘मला धीर आला’ या वाक्यात मी काहीच केलेले नाही. मी चतुर्थी विभक्तीत बसून आहे आणि धीर हा कर्ता होऊन माझ्याकडे चालत आला आहे. प्रार्थना करून उठणाऱ्या माणसाचा अनुभव नेमका असाच असतो.

काही वर्षांपूर्वी मी रुग्णालयात पडून असताना मंडळीतील एक वयस्क गृहस्थ भेटीला आले होते. त्यांनी प्रकृतीची चौकशी केली नाही, उपदेश केला नाही. खुर्ची खाटेजवळ ओढली, स्तोत्रसंहितेचे सत्ताविसावे स्तोत्र काढले आणि शेवटच्या वचनापर्यंत सावकाश वाचले. ‘परमेश्वराची प्रतीक्षा कर, खंबीर हो, हिंमत धर’ येथे पोचल्यावर त्यांनी पुस्तक मिटले नाही, त्या ओळीवर बोट ठेवून ते तसेच बसून राहिले. ते गेल्यावर पत्नीने विचारले, काय म्हणाले? मी म्हणालो, काही नाही, पण धीर आला. त्या क्षणी दुसरा कोणताही शब्द माझ्या तोंडी आला नसता.

‘आवडत्या गोष्टी’ विषयी थोडक्यात लिहितो. आपण वर्णन केलेल्या गोष्टी निवडलेल्या नाहीत, त्या सापडलेल्या आहेत. ‘शोधा म्हणजे तुम्हांला सापडेल’ या वचनात शोधणारा कर्ता आहे, पण सापडताना तो पुन्हा ‘तुम्हांला’ होतो. धीराच्या बाबतीत घडले तेच येथेही घडते. ‘आढळणे’ हे निरीक्षकाचे क्रियापद आहे, ‘गवसणे’ कवितेकडे झुकते, आणि ‘लाभणे’ सुंदर असले तरी त्यात शोधण्याची खटपट दिसत नाही. लूकाच्या पंधराव्या अध्यायातील स्त्री दिवा लावते, घर झाडते, नाणे सापडेपर्यंत काळजीपूर्वक शोधते आणि सापडल्यावर मैत्रिणींना व शेजारणींना बोलावून माझ्याबरोबर आनंद करा म्हणते. आपल्या सदराचे स्वरूप मला याहून वेगळे दिसत नाही.

एक हरकत

वरील उत्तर मी आदरपूर्वक वाचले, तरी एक अडचण मांडणे आवश्यक वाटते. रोमकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायात चौथ्या आणि पाचव्या वचनांत ‘धीर’ आणि ‘उत्तेजन’ हे दोन शब्द शेजारीशेजारी येतात. तेथे ‘धीर’ हा ‘हुपोमोने’ या शब्दासाठी, म्हणजे संकटाखाली टिकून राहण्याच्या चिकाटीसाठी वापरला आहे आणि ‘पाराक्लेसिस’साठी ‘उत्तेजन’. आपण ‘धीर’ हाच शब्द दुसऱ्या अर्थाकडे ओढला, तर वाचक या वचनाशी आल्यावर गोंधळेल. शिवाय प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायात बर्णबा या नावाचा अर्थ ‘बोधपुत्र’ असा दिला आहे. मग ‘बोध’ हा मंडळीत रुळलेला शब्द का सोडावा?

त्यावर

हरकत रास्त आहे, आणि तिच्यामुळे माझे म्हणणे मला अधिक नेमके करावे लागेल. ‘धीर’ या नामात सोसण्याचा आणि उमेदीचा असे दोन्ही अर्थ आहेत, हे खरेच; परंतु मराठी त्यांची वाटणी क्रियापदाने करते. ‘धीर धरणे’ हे ज्याचे त्याने करायचे असते आणि ते ‘हुपोमोने’च्या जवळ जाते, ‘धीर देणे’ याला दुसरा माणूस लागतो आणि ते ‘पाराक्लेसिस’च्या जवळ जाते. म्हणून मथळ्यात नुसते ‘धीर’ असे न लिहिता देण्याचा भाव दिसेल अशी रचना करावी, ही दुरुस्ती मी मान्य करतो.

‘बोध’ शब्दाबद्दल मला ममत्व आहे. ‘बुध्’ म्हणजे जागे होणे, आणि झोपलेल्याला हलवून जागे करणे हेही प्रेमाचेच काम आहे. मात्र आज ‘बोध’ म्हटले की गोष्टीच्या शेवटी येणारे तात्पर्य किंवा व्यासपीठावरील प्रवचन डोळ्यांपुढे येते. बर्णबाने काय केले ते पाहावे: सर्व शिष्य शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, भीत असताना त्याने त्याला सोबत घेऊन प्रेषितांपुढे नेले आणि त्याच्या वतीने तो बोलला. आजच्या मराठीत याला आपण बोध करणे म्हणणार नाही. पाठीशी उभे राहणे, कैवार घेणे किंवा धीर देणे असेच म्हणू. पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात मूळ हिब्रू व ग्रीकवरून पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्याचे काम १९२२ साली निधन होईपर्यंत चालवले, ते साध्या माणसांना, विशेषतः स्त्रियांना, आपल्या बोलीत वाचता यावे याच तळमळीने. स्त्रियांच्या पत्रकात तरी बोलण्यातला शब्द पुढे यावा, असे मला मनापासून वाटते.

मूळ विचारणा करणारीकडून

आपणा दोघांचीही मी ऋणी आहे. काल भगिनींच्या बैठकीत ही सारी चर्चा वाचून दाखवली आणि ‘सापडले ते, आणि धीराचे चार शब्द’ असा मथळा एकमताने ठरला. ‘धीराचे चार शब्द’ हा प्रयोग आमच्या तोंडी रोज असूनही आम्हांला कोणालाच आधी सुचला नव्हता. आता एकच शंका उरली आहे: पहिल्या भागाखाली प्रत्येकीने लिहिताना ‘मला हे वचन सापडले’ असे लिहावे की ‘मला हे वचन मिळाले’? आमच्याकडे दुसरेच अधिक बोलले जाते.

उत्तर

दोन्ही चालतील, पण त्यांतला फरक राखावा. नेहमीच्या वाचनात आपण होऊन समोर आलेले वचन ‘सापडते’. एखादी गोष्ट देवापुढे मांडून उत्तराची वाट पाहिली आणि मग ते आले, तर ते ‘मिळते’, कारण तेथे देणारा कोण हे सांगणारीला ठाऊक असते.