ॲबरफॅन: ढिगारे हलवायचे पैसे गावानं का द्यायचे?

तिरकसराव: वेल्समधलं ॲबरफॅन हे कोळसा खाणकामगारांचं गाव. २१ ऑक्टोबर १९६६ ला सकाळी सव्वानऊच्या सुमारास खाणीच्या दगडमातीचा सात नंबरचा ढिगारा डोंगरावरून घसरून शाळेवर आला. ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. लोकांनी साडेसतरा लाख पौंडांचा मदतनिधी उभा केला. उरलेले ढिगारे हलवा म्हणून गावकरी भांडले, तर १९६८ मध्ये सरकारनं त्या खर्चासाठी त्याच निधीतून दीड लाख काढून घेतले. ढिगारे राष्ट्रीय कोळसा मंडळाचे, पैसे मेलेल्या मुलांच्या नावानं आलेले. निव्वळ दरोडा.

निमसरकारी: दरोडा काय! विश्वस्तांनी स्वतः दिले. नसते दिले तर काम अजून रखडलं असतं, आणि पोरं गमावलेल्या आयांना रोज डोंगरावर तेच दिसलं असतं. त्यांच्या जागी मीही दिले असते.

तिरकसराव: नाक दाबून तोंड उघडायला लावलं हो. चौकशी आयोगानं १९६७ मध्ये सगळा दोष मंडळावर ठेवला. शिक्षा? कुणालाच नाही. अध्यक्ष लॉर्ड रोबेन्स खुर्चीत कायम. मंडळाकडून भरपाई एका मुलामागे ५०० पौंड.

वणीकर: आमच्याकडेही उघड्या खाणींच्या मातीचे डोंगर उभे आहेत, म्हणून विचारतो. तिथल्या लोकांना आधी काहीच दिसलं नाही? की पगार खाणीचा म्हणून सगळे गप्प?

तिरकसराव: गप्प नव्हते. शाळेमागच्या ढिगाऱ्याचा धोका १९६३ मध्येच स्थानिक इंजिनियरनं मंडळाला पत्रानं कळवला होता. ढिगारा झऱ्यावर रचलेला, आणि झरा नकाशात छापलेला!

वणीकर: मग हा अपघात म्हणायचाच कसा?

निमसरकारी: मंडळाची चूक मी कुठे नाकारतोय? मुद्दा पैशांचा होता. १९६९ मध्ये ढिगाऱ्यांसाठी वेगळा कायदा आला, १९९७ मध्ये सरकारनं दीड लाख परतही केले. तेही लिहा की.

तिरकसराव: बिनव्याजी! जवळजवळ तीस वर्षांनी. तोवर तिथली खाणसुद्धा बंद होऊन गेली होती. तुमच्या पतपेढीत असं कर्ज मिळत असेल तर पत्ता द्या.

निमसरकारी: २००७ मध्ये आणखी २० लाख पौंड मिळाले गावाच्या संस्थांना. व्याज त्यात आलं.

तिरकसराव: ते दिले वेल्सच्या सरकारनं. दीड लाख घेतले होते लंडनच्या राजवटीत.