कंबरदुखीला चिनी सुया चालतील, काढे नकोत. पटतंय का?

वेताळटेकडी (धागाकर्ती)

कंबर, गुडघे, अर्धशिशी, झोप न लागणं, पाळीतल्या कळा. चिनी उपचारांकडे माणसं वळतात ती बहुधा अशाच दुखण्यांसाठी. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, तरी पिच्छा सोडत नाहीत अशी दुखणी. मग घरात वाद पेटतो. एकाला ते हजारो वर्षांचं ज्ञान वाटतं, दुसऱ्याला निव्वळ थोतांड. मला वाटतं, चिनी वैद्यकावर असा सरसकट निकाल देताच येत नाही. सुया, काढे, मोक्साचा (एका वनस्पतीचा वाळका पाला जाळून दिलेला) शेक, कपिंग (त्वचेवर पेले चिकटवणं), मालिश यांतल्या प्रत्येकाचा पुरावा वेगळा आणि धोकाही वेगळा.

सुयांच्या बाजूने दखल घ्यावी इतका पुरावा आहे. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेला शिफारशी करणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०१२ साली ताणामुळे वारंवार होणाऱ्या डोकेदुखीसाठी ॲक्युपंक्चरचा, म्हणजे सुयांचा, पर्याय मान्य केला. अर्धशिशीतही नेहमीची औषधं चालत नसतील तर तोच. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यातून २०२० पासून जुनाट कंबरदुखीसाठी ९० दिवसांत १२ बैठकांचा खर्च मिळतो. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर मनगटाच्या आतल्या बाजूच्या 'नेइग्वान' बिंदूचा उपयोग अनेक चाचण्यांत दिसला आहे.

म्हणून माझी भूमिका: ठरावीक दुखण्यांसाठी, रीतसर शिकलेल्या माणसाकडून सुया घ्यायला हरकत नाही. काढे, चूर्णं, गोळ्या मात्र पोटात जाऊ देऊ नयेत.

कोकणकडा

काढ्यांबद्दल सहमत, सुयांबद्दल ठाम असहमत. जर्मनीतली कंबरदुखीची मोठी चाचणी (२००७ साली प्रसिद्ध झाली) या वादात वाचायलाच हवी. १,१६२ रुग्ण, सगळे वर्षानुवर्षं कंबरदुखीने त्रासलेले. त्यांचे तीन गट केले: एकाला खऱ्या चिनी बिंदूंवर सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला औषधं, फिजिओथेरपी आणि व्यायाम. सहा महिन्यांनी बरं वाटणारे अनुक्रमे ४७.६, ४४.२ आणि २७.४ टक्के.

पहिले दोन आकडे शेजारी ठेवून बघा. सुई कुठे टोचली याने जवळजवळ काहीच फरक पडत नसेल, तर 'ची' नावाची ऊर्जा, तिच्या वाहिन्या, शेकडो बिंदूंचे नकाशे यांचं काय उरलं? तुम्ही ज्या 'नाइस'चा दाखला देताय, तिनेच २००९ साली कंबरदुखीसाठी केलेली सुयांची शिफारस २०१६ मध्ये मागे घेतली.

सोलापूरची_वर्षा

मी ॲक्युपंक्चर करते, तेव्हा माझा कल कुठे असेल ते उघड आहे. पण कोकणकडा, तुम्ही पहिले दोन आकडे पाहिलेत, मी दुसरा आणि तिसरा पाहते. वाहिन्यांचा सिद्धांत त्या चाचणीत टिकला नाही, मान्य. मीही पेशंटला 'ची' अडकलीय असं सांगत नाही. पण दोन्ही प्रकारच्या सुयांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा कितीतरी जास्त माणसांना आराम दिला. आठ-आठ वर्षं कंबर धरून बसलेल्या बाईला यातलं काय महत्त्वाचं?

नवीन माणसांसाठी काही गोष्टी. सुई निर्जंतुक आणि एकदाच वापरायची हवी, पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. छाती आणि खांद्याच्या वरच्या भागात खोल सुई गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकतं. क्वचित घडतं, पण घडतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. आणि कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाय लुळा पडला, तर माझ्याकडे यायचंच नाही. तडक हॉस्पिटल. पाच-सहा बैठकांत काहीच फरक नसेल तर मी स्वतःहून थांबवते.

(जाता जाता: आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातलेच डॉ. बिजोयकुमार बसू. ते पन्नाशीच्या दशकात पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि ते कोलकात्यात आणलं. भारतात ही विद्या रुजली ती त्यांच्यामुळे.)

शेन्झेनकर

नोकरीनिमित्त बरीच वर्षं दक्षिण चीनमध्ये आहे. इथे बसून हा धागा वाचताना सुया आणि काढे यांची अशी फारकत विचित्र वाटते. इथल्या चिनी वैद्यकाच्या रुग्णालयांत काढा हाच मुख्य उपचार. वैद्य जीभ बघतो, दोन्ही मनगटांची नाडी बघतो, आणि झोप न लागणाऱ्या दोघांना दोन वेगळे काढे देतो. एकाला रानबोराच्या बियांचा 'स्वानचाओरन थांग', दुसऱ्याला अगदी निराळा. त्याच इमारतीत रक्ततपासणी आणि एक्स-रेही होतो. तुमच्या चाचण्या एकाच आजाराच्या शंभर माणसांना एकच काढा देतात आणि मग म्हणतात गुण आला नाही.

आणि चिनी शास्त्रज्ञ थू योयोंना विसरलात? चौथ्या शतकातल्या क होंग या वैद्याच्या ग्रंथात छिंगहाओ ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितलंय, उकळायला नाही. त्यावरून त्यांना सुचलं की उष्णतेने औषध मरत असावं. १९७१ मध्ये त्यांनी कमी तापमानाला ईथर वापरून अर्क काढला, पुढे त्यातून आर्टेमिसिनिन हे मलेरियावरचं औषध मिळालं आणि २०१५ मध्ये नोबेल. मलेरियातून किती जीव वाचले त्याने!

कोकणकडा

थू योयोंबद्दल मला नितांत आदर आहे, म्हणूनच लिहितो. त्यांनी काढा सिद्ध केला नाही. त्यांनी वनस्पतीचा अर्क प्राण्यांवर तपासला, स्वतः घेऊन पाहिला, मग रुग्णांना दिला, आणि त्यातून रेणू वेगळा केला. जागतिक आरोग्य संघटना आज आर्टेमिसिनिनवर आधारित गोळ्यांची शिफारस करते, पण त्याच वनस्पतीचा चहा किंवा पाला मलेरियासाठी घेऊ नका असं स्पष्ट सांगते. त्यात औषधाचं प्रमाण दर खेपेला बदलतं, अपुरा डोस गेला तर रुग्ण बरा होत नाही आणि जंतू मात्र औषधाला सरावतात.

वेताळटेकडी

शेन्झेनकर, माणूस बघून काढा बदलतो हे मला मोलाचंच वाटतं. माझी हरकत पुडीत काय आहे यावर आहे. १९९० च्या सुमारास ब्रुसेल्समधल्या वजन कमी करण्याच्या उपचारात एका चिनी मुळीऐवजी नावात साधर्म्य असलेली दुसरी, अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातली मुळी गेली. शंभरावर स्त्रियांची मूत्रपिंडं कायमची बिघडली, अनेकींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला.

शेन्झेनकर

ती घोडचूक युरोपातल्या डॉक्टरांची. चिनी वैद्याने नाडी बघून दिलेलं औषध नव्हतं ते.

वेताळटेकडी

मग तैवान घ्या. तिथे शिकलेले वैद्य, जुनी परंपरा, आणि तरीही त्याच कुळातल्या, अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल हे विष असलेल्या वनस्पती वर्षानुवर्षं लोकांना दिल्या गेल्या. २००३ मध्ये बंदी आली. मूत्रमार्गाच्या वरच्या भागातल्या कॅन्सरचं प्रमाण तिथे जगात अतिशय वर आहे. हे विष लगेच दिसत नाही, वीस वर्षांनी वर येतं. नाडी बघणाऱ्या कुठल्याही वैद्याला ते कसं कळणार? अनुभवाने कळतं ते लगेच दिसणारं.

तानशन ही हृदयासाठीची मुळी वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. ज्येष्ठमध भरपूर पोटात गेला तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं.

शेन्झेनकर

मग हाच नियम आपल्या आयुर्वेदिक काढ्यांना लावणार का? की फक्त चिनी म्हणून?

वेताळटेकडी

लावणारच. आपल्याकडचं ईश्वरमूळ त्याच अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातलं आहे. कुणाच्या घरी त्याची मुळी ठेवलेली असेल तर ती उगाळून कुणालाही देऊ नका.