बिघडलेल्या हार्ड डिस्कवर ‘पाच सॉफ्टवेअर लावून बघा’ हा सल्ला देणं थांबवा

रात्रपाळी:
‘एक्स्टर्नल हार्ड डिस्क उघडत नसेल तर आधी विंडोजचं चेकडिस्क चालवा, मग खालची पाच रिकव्हरी सॉफ्टवेअर एकेक करून लावा, डीप स्कॅन रात्रभर सोडा’ अशी एक पोस्ट सध्या फिरतेय. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

डिस्कला नेमकं काय झालंय, हे त्या पोस्टमध्ये कुठेच विचारलेलं नाही. फाइल चुकून डिलीट झाली किंवा पार्टिशन उडालं, तर डिस्क धडधाकट असते. तिथे रेक्युवा, टेस्टडिस्क, डीएमडीई, जे जमेल ते लावा. पण हेड (डेटा वाचणारा भाग) किंवा प्लॅटर (डेटा साठवणारी तबकडी) खराब होत असेल तर प्रत्येक डीप स्कॅन म्हणजे दमलेल्या हेडला अख्खी डिस्क पुन्हा वाचायला लावणं. पाच सॉफ्टवेअर, पाच वेळा. आणि दुरुस्तीला लावलेलं चेकडिस्क नुसतं वाचत नाही, डिस्कवर लिहितंही. त्याला फाइल सिस्टिमचा, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे त्या नोंदींचा, हिशेब जुळवायचा असतो, तुमच्या फायलींचं काहीही होवो. उरलंसुरलं मग फाउंड.००० नावाच्या फोल्डरमध्ये शोधत बसा.

आधी डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ०५, सी५, सी६ या खराब सेक्टर मोजणाऱ्या ओळी बघा (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा). तिथे शून्याशिवाय काही दिसलं किंवा डिस्क वाचताना अडखळत असेल, तर स्कॅन करू नका. लिनक्सवर कमांडने चालणाऱ्या जीएनयू डीडीरेस्क्यूने दुसऱ्या, मोठ्या डिस्कवर सेक्टरन् सेक्टरची प्रत काढा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेल्या जागा सोडून पुढे जातं आणि शेवटी त्यांच्याकडे वळतं. मॅपफाइल (काय वाचून झालं त्याची नोंद) दिली असेल तर मध्येच थांबवून पुढे चालू करता येतं. सॉफ्टवेअर कुठलं, हा प्रश्न त्या प्रतीवर काम करायच्या वेळचा.

टाचणी:
असहमत. तुमच्यासारख्यांचे प्रतिसाद वाचून सामान्य माणूस घाबरतो आणि काहीच करत नाही. लिनक्सची कमांड लिहायची, त्यात मूळ डिस्क आणि नवी डिस्क यांची अदलाबदल झाली तर? मग रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर कॉपी होणार! तो धोका का नाही सांगितलात?

माझी डिस्क ‘फॉरमॅट करा’ म्हणत होती. विकतचं सॉफ्टवेअर घेतलं, स्कॅन लावला, फोल्डरच्या नावांसकट सगळं परत मिळालं. त्याआधी फुकटचं फोटोरेक लावलं होतं. एफने सुरू होणारे आकडे असलेल्या हजारो फायली, एकाचंही मूळ नाव नाही.

रात्रपाळी:
तुमची डिस्क बिघडलीच नव्हती. फाइल सिस्टिमची नोंद खराब झाली होती. त्यावरून मरणाऱ्या डिस्कबद्दल सल्ला देऊ नका. फोटोरेक फाइल सिस्टिमकडे बघतच नाही, फाइलच्या सुरुवातीच्या खुणांवरून ती उचलतं, म्हणून नावं जातात. तुकड्यांत विखुरलेला व्हिडिओही त्यातून बहुधा मोडकाच निघतो. ते शेवटचा उपाय म्हणून वापरायचं असतं.

अदलाबदलीचा धोका मात्र खरा आहे. तेवढं मान्य.

पेचकस:
मूळ प्रश्नाआधी एक पायरी सगळे विसरताय. अनेकदा डिस्क ठीक असते, गेलेलं असतं ते तिच्या बाहेरच्या डब्यातलं यूएसबीचं सर्किट. केबल बदला, नाहीतर डिस्क बाहेर काढून थेट साटाला (कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्क-जोडणीला) जोडा.

पण जोडणार कशी? माझ्या पोर्टेबल डिस्कचा डबा उघडला तर आत साटा पोर्टच नाही! यूएसबी थेट डिस्कच्या सर्किट बोर्डवर सोल्डर केलेलं. त्यात पासवर्ड कधीच लावला नसतानाही बोर्डवरची चिप सगळं एन्क्रिप्ट करून लिहिते. बोर्ड गेला की प्लॅटर शाबूत असून डेटा कुलपात. हे खोक्यावर कुठेही छापलेलं नव्हतं.

उंबरठा:
एन्क्रिप्शन हवंच. डिस्क हरवली तर तुमची कागदपत्रं कुणीही वाचावीत का?

पेचकस:
पासवर्डच लावला नसेल तर सापडलेली डिस्क कुणीही केबल लावून वाचेल! संरक्षण कसलं? अडतो तो फक्त मालक.

आणि पासवर्ड लावून तरी काय? २०१५ साली संशोधकांनी वेस्टर्न डिजिटलच्या माय पासपोर्ट मालिकेतलं हार्डवेअर एन्क्रिप्शन तपासलं, तेव्हा काही चिपमध्ये किल्ली ज्या यादृच्छिक आकड्यांवरून बनते तेच कच्चे निघाले होते.

उंबरठा:
सगळ्या कंपन्यांना एकाच मापाने मोजू नका. पुढचे बोर्ड सुधारले असतील. आणि मुळात बॅकअप ठेवला असता तर या धाग्याची गरजच पडली नसती.

कोरी पाटी:
हे वाक्य प्रत्येक वेळी कुणीतरी टाकतंच का? माझ्या वडिलांच्या वह्या वाळवीने खाल्ल्या. त्यांचे स्कॅन हीच आमची दुसरी प्रत होती, आणि तीच डिस्क आता अडकली आहे. अपघात झालेल्याला हेल्मेटवर व्याख्यान देऊन काय मिळतं तुम्हाला? मदत येत नसेल तर गप्प बसा.

उंबरठा:
तुम्हाला उद्देशून नव्हतं. तरी मुद्दा चुकीचा नाही.

काजळी:
मी रिकव्हरी लॅबमध्ये काम करते. पेचकस यांना पुस्ती: काही डबे ५१२ बाइटचे सेक्टर ४०९६ चे करून दाखवतात. अशी डिस्क बाहेर काढून साटाला लावली की पार्टिशन सापडत नाही, लोक डेटा गेला समजून फॉरमॅट करतात. तसं करू नका. ‘तोच बोर्ड दुसऱ्या डिस्कचा काढून लावा’ हेही अर्धवट ज्ञान. बोर्डवरच्या रॉम चिपमध्ये त्याच डिस्कच्या हेडची मापं असतात, तीही हलवावी लागतात.

रात्रपाळींशी एका बाबतीत वाद आहे. टकटक आवाज येत असेल तर डीडीरेस्क्यूसुद्धा नाही. लगेच बंद. आमच्याकडे प्लॅटरवर चरे पडलेल्या डिस्क येतात, त्या अशाच ‘अजून एकदा बघू’ म्हणत चालवलेल्या असतात. फ्रीझरमध्ये ठेवलेल्याही येतात, आत बाष्प धरलेल्या. हा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे.

रात्रपाळी:
आवाजाचा मुद्दा माझ्या पोस्टमध्ये हवा होता, बरोबर. पण लॅबवाले साध्या खराब सेक्टरलाही क्लीनरूमचं (धूळमुक्त खोलीत डिस्क उघडण्याचं) भय घालतात, हेही सांगा.

काजळी:
काही जण घालतात. नाकारत नाही.

टाचणी:
मग कमांड न येणाऱ्याने काय करायचं, ते अजून कुणी सांगितलं नाही.

काजळी:
आर-स्टुडिओ, यूएफएस एक्सप्लोरर, डीएमडीई तिन्हींत कमांड न लिहिता खिडकीतूनच डिस्कची इमेज (पूर्ण प्रत) काढता येते. आधी इमेज, मग स्कॅन. डीएमडीईची फुकट आवृत्ती एका वेळी एका फोल्डरमधल्या ४००० फायली देते. विकत घेण्याआधी डेमोमध्ये आपल्या फायली उघडून बघा, नुसती यादी बघून भुलू नका. आणि ‘क्विक फॉरमॅटने काही बिघडत नाही’ हे विसरा. बऱ्याच पोर्टेबल डिस्क आता एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) आहेत, त्यातल्या काही ट्रिम (‘ही जागा रिकामी समज’ हा आदेश) मानतात. फॉरमॅटनंतर सगळीकडे शून्यं वाचायला मिळतात.

टाचणी:
हे आधी सांगितलं असतं तर मी वाद घातलाच नसता. इमेजचं पटलं. कमांडचं नाही.

कोरी पाटी:
माझ्या डिस्कचा आवाज येत नाही. सी५ समोर आकडा आहे, ०५ शून्य आहे. फोल्डर दिसतात, उघडताना लटकतं.

काजळी:
मग विंडोजमध्ये फोल्डर उघडणं आत्ताच थांबवा. दुप्पट जागेची नवी डिस्क आणा. जोडताना दोन्हींचे सीरियल नंबर कागदावर लिहून ठेवा आणि सुरू करण्याआधी इथे कळवा.