मदत हवी आहे : अतिवृष्टीचं अनुदान अजून जमा नाही

सीनाकाठचा :
सप्टेंबर २०२५ च्या पुरात सगळं सोयाबीन गेलं, गोठ्यातली म्हैसही गेली. पंचनामा झाला, तलाठ्यांनी बांधावर उभं करून फोटो काढले. गावात बाकीच्यांचे पैसे आले, आमचे नाहीत. चौकशी केली की 'यादी वर पाठवलीय' एवढंच. रब्बी उसनवारीवर पेरलीय, खतवाला रोज फोन करतो. नेमकं कुठं अडलंय? लवकर सांगा.

बालाघाटी :
जिल्हा? क्षेत्र? फार्मर आयडी (शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक) आहे का? यादीत तुमचा विशिष्ट क्रमांक आलाय का, केवायसी म्हणजे ओळख पडताळणी करायला लागतो तो?

सीनाकाठचा :
धाराशिव. साडेतीन एकर. सेतूवाला म्हणतो क्रमांकच दिसत नाही, केवायसी कशाची करू.

मांजराकाठ :
७२ तासांच्या आत ॲपवर नुकसान कळवलं होतं का? नसेल तर विसरा. मी २०२३ ला कळवलं म्हणून मिळाले.

बालाघाटी :
दादा, ते पीक विम्याचं. २०२५ च्या खरिपात तो निकषच काढून टाकला, त्या हंगामात विमा कापणी प्रयोगावर, म्हणजे नमुन्याचं पीक कापून उत्पन्न मोजतात त्यावर. हे सरकारी अनुदान आहे, पंचनाम्यावर मिळतं. त्याला उगाच घाबरवू नका.

मांजराकाठ :
विमा काय न् अनुदान काय, पैसे एकाच खात्यात येतात.

माळरान_७ :
कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० आणि बियाण्यासाठी वर १०,०००. तुमचे साधारण २५,९०० होतात. जमीन खरडून गेली असेल तर हेक्टरी ४७,००० चा निकष वेगळा, तो पंचनाम्यात लिहून घेतला का? आणि गाळ साचला असेल तर आधी ताग पेरा, आमची जमीन त्यानेच सुधारली.

सीनाकाठचा :
जमीन खरडली नाही, तागाचं नंतर बघू. पैसे का नाहीत ते सांगा.

ताई_परंडा :
सातबारा कुणाच्या नावावर आहे?

सीनाकाठचा :
वडिलांच्या. ते २०२४ च्या दिवाळीत गेले. पण शेती मीच करतो, सगळ्या गावाला माहीत आहे.

ताई_परंडा :
इथंच अडलंय, भाऊ. मयत माणसाचा फार्मर आयडी निघत नाही, त्यांची केवायसीही होत नाही. आधी वारस नोंद करा. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं घेऊन तलाठ्यांकडे अर्ज द्या. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचा नावबदल, मंडळ अधिकारी मंजूर करतात. 'जिवंत सातबारा' मोहीम याचसाठी काढली होती.

मांजराकाठ :
एवढं कशाला? वारसांचं संमतीपत्र द्या, आईच्या खात्यावर घ्या. आमच्या पाहुण्यांचं तसंच झालं.

ताई_परंडा :
एखाद्या ठिकाणी झालं असेल. पण फेरफार नसेल तर पुढच्या वेळी परत हेच. बहिणींची सही राहिली तर तेही अडतं.

माळरान_७ :
त्यापेक्षा कर्जमाफी मागा. अनुदानानं कुणाचं भागलंय?

बालाघाटी :
कर्जमाफीसाठी वेगळा धागा काढा. म्हशीचं काय झालं? दुभती होती ना? मोठ्या दुभत्या जनावराला ३७,५०० आहेत, ते जनावराच्या मालकाला मिळतात. शवविच्छेदन झालं होतं का? कानात बिल्ला होता का?

सीनाकाठचा :
दुसरं वेत चालू होतं, बिल्ला होता. डॉक्टर येऊन कागद करून गेले, तो आईकडे आहे. पण त्यावर मालक म्हणून वडिलांचंच नाव लिहिलंय. आता हे कुणाकडून दुरुस्त करून घ्यायचं, तलाठी की पशुवैद्यकीय दवाखाना?